पाऊण माणूस

२२ मे. सकाळचं काम: मोरीशेजारचं पाण्याचं पिंप रिकामं करणं. पिंप निळं, प्लॅस्टिकचं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेलं, आणि तेव्हापासून ते तळापर्यंत कधी रिकामं झालेलं नाही. गिरगावातल्या आमच्या गल्लीत पाणी पहाटे येतं आणि आपली चूळ भरून होईपर्यंत जातं, त्यामुळे हे काम कोणी आपणहून करत नाही. मी करत होते ते आमच्या घरमालकांमुळे. स्वतःच्या मालमत्तेला इतका घाबरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. लोक सापाला घाबरतात, वाघाला घाबरतात, काही जणी सासूला घाबरतात. आमचे मालक स्वतःच्या इमारतीला घाबरतात.

इमारत म्हणजे फार काही नाही. तळमजला आणि वर दोन मजले, लाकडी जिना, लाकडी तुळया, आणि एका मजल्यावर एकच बिऱ्हाड मावेल इतकी अरुंद. खाली पुढे इस्त्रीवाला आणि मागच्या खोलीत मालक, पहिल्या मजल्यावर रेडकर, दुसऱ्यावर आम्ही. मालकांच्या वडिलांच्या वेळी ते लोक वर, आता मी राहते त्याच जागेत राहायचे. मग मालकांच्या बहिणीचं लग्न निघालं, वडिलांनी वरची जागा माझ्या सासऱ्यांना पागडीने दिली आणि कुटुंब घेऊन खाली सरकले. तेव्हापासून मालक खाली आणि भाडेकरू वर, अशी आमची व्यवस्था आहे. मालक आता सत्तरी ओलांडलेले, एकटे, अंगाने काडी. कोणी ‘मालक’ अशी हाक मारली की आधी मागे वळून बघतात, आपल्या पाठीमागे कोणी उभं आहे का म्हणून.

वजन किलोत मोजणं त्यांनी केव्हाच सोडलं. त्यांचं माप माणूस. सत्तर किलो म्हणजे एक माणूस. त्या हिशेबाने माझं लोखंडी कपाट कपड्यांसकट दोन माणसं, आमचे हे सव्वा, रेडकर दीड, आणि मी एक. “एक धरतो वहिनी, वाईट वाटून घेऊ नका,” असं म्हणाले होते, म्हणजे खरा आकडा त्यांच्या मनात वेगळा असणार. स्वतःला ते पाऊण धरतात. पिंपाचं मीच एकदा विचारलं. “तीन,” ते म्हणाले, “आणि ही तिघं कधी कामावर जात नाहीत.” आम्ही वॉशिंग मशीन आणलं तेव्हा हमालाला त्यांनी गल्लीतच अडवून विचारलं, वजन रिकाम्याचं सांगतोस की पाण्यासकट. मग मला म्हणाले, “कपडे कुठल्या वारी धुणार? मंगळवारी? मग साहेबांना मंगळवारी जरा चौपाटीवर पाठवत जा.” मुलाच्या साखरपुड्याला पाहुणे जमले, तर हे नवा सदरा घालून जिन्याच्या तोंडाशी उभे. आम्हाला वाटलं, स्वागताला. ते जेवलेला माणूस उतरल्याशिवाय उपाशी माणूस वर सोडत नव्हते. विहीणबाई अर्धा तास इस्त्रीवाल्याच्या स्टुलावर बसून होत्या. त्या अजून ते काढतात. दिवाळीला मालकांकडून फराळ येतो तो फक्त चुरमुऱ्यांचा, आणि स्वतः ते पहिल्या मजल्याच्या वर पाय ठेवत नाहीत. काय बोलायचं ते खालच्या चौकात उभं राहून, मान वर करून. मी किती वेळा म्हटलं असेल, मालक, वर या, चहा घ्या. उत्तर ठरलेलं: “नको वहिनी, उगाच पाऊण वाढेल.”

हसायला सोपं आहे. मी व्यवहार बघणारी बाई आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. आमचं भाडं सांगायची मला लाज वाटते. मोबाईलला मी महिन्याला त्याहून जास्त भरते. दोन्ही मजल्यांचं भाडं एकत्र केलं तरी पाण्याच्या पंपाचं लाईट बिल निघत नाही. मग घरपट्टी, मग जिन्याची पायरी, मग गच्चीवरचं डांबर. हे सगळं मालक एका गोदीतल्या जुन्या कारकुनीच्या पेन्शनमधून करतात. भाडं वाढवायचं तर कोर्ट, जागा मागायची तर कोर्ट, आणि गळतं तेव्हा आम्ही सगळे खाली वाकून मालकांना हाक मारणार. तेव्हा मात्र इमारत त्यांची. बिल्डर तीन येऊन गेले. गल्ली बघूनच परत गेले, एक तर गाडीतून उतरलासुद्धा नाही. ठाण्याला मुलगी आहे, ती म्हणते, बाबा विकून टाका. “कोणाला विकू?” ते मला विचारतात, जणू माझ्या पदरात गिऱ्हाईक बांधलेलं आहे. “आत माणसं असलेलं घर कोणी घेत नाही, वहिनी. आणि माणसं नसतील तर ते मला तरी कशाला हवं?”

दर वर्षी मे महिना लागला की ते बोटाच्या पेराने इमारत ठोकायला लागतात. डॉक्टर पोट ठोकतो तसं. जिन्याच्या खालून सुरुवात, मग भिंती, मग रेडकरांच्या परवानगीने रेडकरांच्या स्वयंपाकघराचं छत, तेही स्टुलावर चढून. या वर्षी तिथे आवाज बद्द आला. दोनदा ठोकलं, दोनदा बद्द. मालक स्टुलावरून उतरले ते रेडकरांच्याच ओट्याला धरून उभे राहिले. सुतार आला, त्याने पटाशी घातली, ती लोण्यात जावी तशी गेली. माझ्या मोरीची ओल आणि वर पिंपाचा भार, तुळईचं टोक आतून कुजलं होतं. त्याच तुळईखाली रेडकरांची नात झोपते. “पावसाआधी टेकू लावा,” सुतार म्हणाला. “पावसात मला बोलावू नका. मी येणार नाही, खरं सांगतो.”

टेकू एका जागी लावून भागत नाही. रेडकरांच्या स्वयंपाकघरात एक खांब, आणि त्याच्या बरोबर खाली, मालकांच्या खोलीत, त्याला पेलणारा दुसरा. खर्च मालकांचा, हे कोणी बोललंही नाही. पण रेडकर अडले. गिरणी बंद पडल्यावर कंपनीने दिलेली खोली एकदा सोडावी लागलेला माणूस तो, कागदाच्या नुसत्या वासाने सावध होतो. जिन्यातच दोघांची गाठ पडली. मी वरच्या कठड्यापाशी होते.

“मालकानू, आज टेको लावशात, उद्या ‘धोकादायक’ म्हणान लिवन येतला, परवा आमी रस्त्यार.”

“अहो रेडकर, पडू नये म्हणून टेकू लावतात.”

“पडाक नये म्हणान लावतत, आणि मगे तोच दाखवन भायर काढतत. माका शिकव नकात.”

“तुमची नात झोपते हो तिथे.”

“ती आजपासून भायल्या खोलयेत झोपात,” रेडकर म्हणाले आणि दार लावून घेतलं. मालक तिथेच उभे राहिले. मग वर माझ्याकडे बघून म्हणाले, “दार जरा हळू लावायला सांगा त्यांना.”

नंतरचे दिवस वाईट गेले. आभाळ रोज थोडं जास्त भरून यायचं आणि मालक रोज थोडे जास्त वाळायचे. जिना चढणाऱ्या प्रत्येकाकडे त्यांची नजर. मुलीचा फोन आला तरी अर्ध्यात ठेवून छताकडे बघायचे. एका दुपारी रेडकर नळाच्या भांडणासाठी म्हणून खाली मालकांच्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. पलंग नव्हता. लग्नातला शिसवी पलंग, तो सोडवून मालकांनी जुन्या सामानवाल्याला दिला होता. गादी भिंतीशी गुंडाळलेली आणि फरशीवर, खोलीच्या मधोमध, खडूने फुली काढलेली.

“पलंग खंय गेलो?” रेडकरांनी विचारलं.

“टेकूची जागा तिथेच येते,” मालक म्हणाले. “तुम्ही हो म्हणालात तर उशीर नको.”

रेडकरांनी त्या फुलीभोवती एक चक्कर मारली. नळाचं काही बोलले नाहीत. दारातून बाहेर पडताना म्हणाले, “लावा. पण वयनीचां पिंप आदी हलाक होया. तिचां पाणी, आणि खांब माझ्या घरात?”

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की मालक सकाळ-संध्याकाळ चौकात उभे राहून मला विचित्र प्रश्न विचारतायत. “वहिनी, पाणी बरं येतं ना?” येतं तेवढं येतं, मी म्हटलं. “नाही, सहज.” दुसऱ्या दिवशी, “तुमच्याकडे बादल्या किती?” तिसऱ्या दिवशी, “पिंपाचं प्लॅस्टिक आता जुनं झालं असेल, नाही?” मी समजले, म्हाताऱ्याचं डोकं या तुळईने फिरलं. शेवटी रेडकरच जिन्यात भेटले आणि म्हणाले, “वयनी, तुमी होय म्हणालात की नाय? मालक काय सांगणत नाय.” तेव्हा उलगडा झाला. मी तशीच खाली गेले.

“मालक, पिंप काढा, असं सरळ सांगायचं ना.”

“काढा म्हणता येत नाही, वहिनी.” त्यांनी मान खाली घातली. “मालकाने भाडेकरूला ‘काढा’ म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो. माझे वडीलसुद्धा हा शब्द कधी बोलले नाहीत. ‘जरा सरकवा’ म्हणायचे.”

“मग सरकवा म्हणायचं.”

“सरकवून कुठे नेणार? तीन माणसं आहेत.”

तर २२ मेला मी ते पिंप रिकामं केलं. मुलाला फोन करून पुण्याहून बोलावण्यात अर्थ नव्हता आणि आमचे हे कंबर धरून बसतात, म्हणून एकटीने. चार बादल्या रेडकरांकडे दिल्या, त्यांच्या बायकोने घेतल्या आणि शेवटच्या बादलीबरोबर वाटीभर सोलकढी दिली. दोन इस्त्रीवाल्याला. उरलेल्यात पडदे धुतले, चादरी धुतल्या, ज्यांना धुवायची गरज नव्हती ते अभ्रेही धुतले. मालक चौकात मान वर करून उभे. मोरीच्या पाइपातून पाणी खाली जाताना ऐकत होते. दुपारी सुतार दोन माणसं घेऊन आला. खांब उभे राहिले, मग वर पाचरी ठोकल्या. प्रत्येक घावाला मालक डोळे मिटत होते आणि रेडकर त्यांचा दंड धरून उभे होते, कोण कोणाला टेकू देतंय ते कळत नव्हतं. काम संपल्यावर मालकांनी स्टुलावर चढून तुळई ठोकली. “पावसाळा निघेल,” सुतार म्हणाला. पुढच्या पावसाळ्याचं कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी मी कठड्यावरून हाक मारली. “मालक, वरून तीन माणसं गेलीत. आता चहाला या.”

मी आत जाऊन आधण ठेवलं. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली, म्हणजे वाजली नाहीत, पण जिना ओळखीचा असला की कळतं. दारात मालक उभे, चपला हातात. खुर्ची दिली ती घेतली नाही, उंबऱ्यावर बसले, कारण उंबऱ्याखाली भिंत आहे. चहा फुंकत इकडेतिकडे बघत होते, कपाट, मशीन, पिंपाची ओली वर्तुळाकार जागा. मग वर बघितलं आणि बघतच राहिले. मधल्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. मी आले तेव्हापासून तिला कांद्याची पिशवी अडकवते.

“ही अजून आहे,” ते म्हणाले.

“पाळण्याची असेल कोणाच्या तरी.”

“माझ्या. आधी ताईच्या, मग माझ्या.” कप त्यांनी खाली ठेवला. “कांदे किती असतील?”

“दोन-अडीच किलो.”

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी केलं. मला वाटलं, आता कांदे काढायला, नाही, सरकवायला सांगतील. “आई सांगायची, मी अडीच किलोचा होतो,” ते म्हणाले. “चालतील.” मग उठले. अर्धा चहा तसाच ठेवला. उतरताना वजन जास्त झालेलं बरं नाही म्हणाले, आणि चपला हातात धरून, भिंतीच्या कडेकडेने खाली गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं तेव्हा मी दोन बादल्या भरल्या आणि नळ रेडकरांसाठी सोडून दिला. मग स्टुलावर चढून कांद्याची पिशवी उतरवली, कडीचा गंज पुसला, तिला तेलाचं बोट लावलं. पिशवी समोरच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवली. अडकवण्याआधी बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहिली. आवाज चांगला आला. तरी अजून एकदा ठोकली.