बँकेचा रुपया, याडीचा हार

आमच्या बंजारा तांड्यात मुलीच्या लग्नाला चांदीच्या रुपयांचा हार लागायचाच. नसला तर लग्न मोडायचं नाही, पण बायका जन्मभर बोलायच्या, आणि आमच्या बायकांच्या तोंडी लागण्यापेक्षा लग्न मोडलेलं बरं. माझं लग्न ठरलं ते साठ सालाच्या आसपास. बानं, म्हणजे माझ्या वडलांनी, आर्णीला कापूस विकून दहा-दहाच्या नोटा आणल्या. पण सराफ चांदीच्या एका जुन्या राणीछाप रुपयाला कागदाचे दोन-तीन मागायचा. बाला ते पटेना. रुपयाला रुपया, त्यात वर काय द्यायचं?

मी आठवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे घरात जरा शहाणीच. एका संध्याकाळी बानं नोट पुढे केली.

"हे बारीक काय लिवलं हाये वं?"

मी इंग्रजी अक्षरं जुळवत सांगितलं, की ही नोट आणणाऱ्याला दहा रुपये द्यायचं वचन दिलंय, खाली सही आहे.

बा एकदम खुलला. "म्हंजे हे तं हुंडी हाये."

त्याच्या आज्याचे बैल मीठ नि धान्य वाहायचे. वाटेत चोरांचं भय, म्हणून जवळ रोकड नसे. सावकार कागद लिहून द्यायचा, पुढच्या गावच्या पेढीवर तो दाखवला की खणखणीत रुपये हातात. लिहून दिलेलं वचन कोणी मोडल्याचं बानं ऐकलं नव्हतं.

याडी, माझी आई, चुलीपासून म्हणाली, "मंग आजपावतर मांगाले कोणी काहून नाई गेलं?"

 दुसऱ्या दिवशी मला घेऊन बा यवतमाळच्या बँकेत गेला.

कारकून भला माणूस होता. त्यानं नोटा घेऊन रुपये मोजून दिले. बानं त्यातला एक फरशीवर टाकला. आवाज बोदा आला.

"हे चांदी नाई जी."

"बाबा, वचन रुपयाचं आहे. चांदीचं नाही."

"चांदी नाई तं रुपया कायचा जी?"

कारकुनानं चष्मा काढून पुसला. रांगेतले लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्यांचा रागही आला. माझा बा वेडा नव्हता. हुंडीचा अर्थ मधल्या मधे बदलला होता आणि आमच्या तांड्यात येऊन ते कोणी सांगितलं नव्हतं.

घरी सगळं ऐकून याडीनं गळ्यातला हार उतरवला. राणीछाप रुपये सोडवून माझ्यासाठी नवीन दोऱ्यात ओवले. बँकेच्या रुपयांना तिनं सोनाराकडून कड्या लावून घेतल्या आणि ते स्वतःच्या गळ्यात घातले.

"मले आता कोण पाहून राह्यलं," म्हणाली.

बा त्या दिवशी जेवला नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा दारात बसून शेंगा सोलत होते. लहानपणापासून याडी विहिरीवरून निघाली की हाराच्या आवाजानंच कळायची, बघावं लागायचं नाही. त्या दिवशी मागून कोणी बाई आली. मी मान वळवलीसुद्धा नाही. पाठीवर हात पडला तेव्हा कळलं, याडीच होती. मला रडू आवरेना. मी उठून तिला मिठी मारली, तर तिच्या हाराचा तो जुना आवाज माझ्याच गळ्यातून आला.