दुकानात घातलेलं गाऱ्हाणं

गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नियम मीच घातला होता. तेव्हा पहिली थोबाडीत माझी मलाच मारून घेतो आणि मग पुढचं सांगतो.

साठ साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. मालवणच्या बाजारात आमचं कर्ण्यांचं, म्हणजे लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं, दुकान होतं. लग्न असो, सत्यनारायण असो, जत्रा असो, कर्णे आमचे. भागीदार तिघे. माझा चुलतभाऊ मशीन सांभाळायचा. बिघडलेल्या मशीनशी तो जितकं बोलायचा तितकं बायकोशीही बोलत नसे. दुसरा जोडीदार पूर्वी दशावतारात संकासुर करायचा, म्हणून सगळे त्याला संकासुरच म्हणत. माइक तपासायचं काम त्याचं. बाजारातल्या कुणाचीही हुबेहूब नक्कल करायचा, कचेरीतल्या शिपायापासून माझ्या आईपर्यंत. आणि तिसरा मी, म्हणजे दुकानाचं तोंड. गिऱ्हाईक आणायचं, राखायचं, रुसलं तर समजूत काढायची. तिघांचं जमायचं मात्र छान. एकाने चूक केली की दुसरा झाकायचा आणि तिसरा गिऱ्हाईकाला चहा पाजायचा.

एका खलाशाकडून आम्ही एडनचा टेपरेकॉर्डर घेतला होता. टॉर्चच्या सेलवर चालणारा, दोन चकत्यांचा. त्यावर मी एक युक्ती काढली. आमच्याकडे जत्रेत गाऱ्हाणं झाल्याशिवाय कर्ण्यावर गाणं लावत नाहीत. गावाचा मानकरी देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते गाऱ्हाणं आम्ही टेपवर घ्यायचो आणि लगेच कर्ण्यातून त्यांनाच ऐकवायचो. माणसं खूश! मानकरी तर स्वतःचा आवाज ऐकून लाजायचे. पुढच्या वर्षीची जत्रा तिथल्या तिथे पक्की. मग दुसऱ्या गावी त्याच टेपवर तिथलं गाऱ्हाणं चढायचं आणि आधीचं पुसलं जायचं. जपून ठेवावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गाऱ्हाणं देवाला पोचलं की त्याचं काम झालं, असाच आमचा सगळ्यांचा हिशोब.

देवबागच्या जत्रेनंतर चार महिन्यांनी एक बाई दुकानात आली. पन्नाशीची असेल. त्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान तिच्या नवऱ्याचा होता. तो पंधरा दिवसांच्या तापाने गेला होता.

"तुमच्या पेटयेत आमच्यांचो आवाज आसा मां?" ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "फोटो नाय, काय नाय. एकदा ऐकाक मिळात?"

त्यानंतर त्या टेपवर पाच गावांची गाऱ्हाणी चढली होती. मला ते ठाऊक होतं. आणि तरी माझी ही मेली जीभ!

"आसा तर!" मी म्हणालो. "मशीन जरा दुरुस्तीक काढलेला आसा काकी. पुढच्या बाजाराक येवा."

ती तिथेच खाली बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. म्हणाली, "देव तुमचा बरा करो."

ती गेल्यावर चुलतभावाने माझ्याकडे असं बघितलं की मी नजरच उचलली नाही. "खंयसून आणतलंस आवाज? बापाशीच्या खिशातसून?" तो म्हणाला. मी संकासुराकडे वळलो. त्याने ते गाऱ्हाणं माझ्यासारखंच ऐकलं होतं, आणि परतताना होडीत नक्कल करून आम्हाला हसवलंही होतं. वाक्य सुरू करण्याआधी घसा खाकरायची त्या मानकऱ्याची सवय त्याने अचूक पकडली होती.

"शक्य नाय," तो म्हणाला. "मेल्या माणसाच्या तोंडान देवाक हाक मारूची? माझ्या जिभेक किडे पडतले."

"मगे तिका काय सांगू? पुसून टाकलाव म्हणान?"

तो तीन दिवस दुकानात आला नाही. चौथ्या दिवशी जेवणवेळेनंतर, बाजार झोपलेला असताना आला. त्याने दाराची फळी ओढून घेतली आणि कोपऱ्यातल्या गणपतीच्या तसबिरीवर फडका टाकला. त्या देवासमोर त्याला हे करायचं नव्हतं.

आता सांगायला लाज वाटते, पण ती दुपार आमच्या धंद्यातली सगळ्यात चोख दुपार होती. संकासुराचा आवाज जड, मानकऱ्याचा त्याहून हलका. चुलतभावाने अर्धे संपलेले सेल घातले. आवाज भरताना टेप सावकाश फिरली, आणि नव्या सेलवर लावल्यावर आवाज चढला. पहिल्यांदा बाईमाणसासारखा आला. सेल बदलले. दुसऱ्यांदा कमी पडला. तिसऱ्यांदा जमला, अगदी एकोणीस-वीसचा फरक, मूळच्यापेक्षा किंचित बारीक. 'व्हय म्हाराजा' मी आणि चुलतभावाने म्हटलं, एकदा माळ्यावरून, एकदा दाराशी, एकदा रिकाम्या पिंपात तोंड घालून. दोघांचा गाव झाला.

"बा देवा म्हाराजा," संकासुर डोळे मिटून म्हणाला, "आज ही लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंची राखण कर." टेप बंद केल्यावरही तो तसाच उभा होता. मग त्याने घसा खाकरला. "झाला रे आता," मी म्हणालो. तो म्हणाला, "मी मुद्दाम नाय केलंय."

बाजाराच्या दिवशी ती आली. टेप लावली. पहिलं वाक्य झालं तसा तिचा चेहरा आक्रसला. मला वाटलं, मेलो, हिने ओळखलं. पण तिने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, आणि पुढच्या वाक्याला आमच्या खोट्या गावाबरोबर हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मग ती दर महिन्याला यायची. देवबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत, येताना आमच्यासाठी पानात गुंडाळलेली कोकमाची सोलं नाहीतर सुके बांगडे घेऊन. ती गावभर सांगत सुटली की हे लोक माणूस गेला तरी त्याचा आवाज टाकत नाहीत, एवढी माया. त्या वर्षी आम्हाला कधी नव्हत्या इतक्या जत्रा मिळाल्या. लोक कौतुक करायचे, पण एखाद्या गावच्या गाऱ्हाण्याला शंभर माणसं एकदम 'व्हय म्हाराजा' म्हणाली की मला त्यात पिंपात तोंड घातलेला मीच ऐकू यायचो. ती टेप पुसायचं धाडस तिघांपैकी एकालाही झालं नाही. दुसरी चकती विकत घेतली आणि ही वेगळी ठेवली, त्या बाईसाठी.

संकासुर ती यायच्या वेळी मागच्या परसात जाऊन उभा राहायचा. त्याने नकला सोडल्या. माइकवर 'हॅलो' म्हणायच्या आधी तो खाकरायला लागला, तसाच, त्या मानकऱ्यासारखा. वैद्याचा काढा झाला, देवाला नारळ झाला, ते गेलं नाही. एक दिवस कारवारकडे निघून गेला, मच्छीच्या धंद्यात. आज मी म्हातारा झालोय. दुपारी डोळा लागला की कुणीतरी घसा खाकरतं, आणि ते मेलेल्याचं की आमच्या जोडीदाराचं, मला कळत नाही.

संकासुर कारवारला गेल्यावर मी ठरवलं, आता पुरे. येत्या बाजाराला तिच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळं सांगून टाकायचं. चुलतभाऊ म्हणाला, "सांग. मी बाजूक उभो रवतंय."

ती आली, फळीवर टेकली. मी हात जोडले आणि म्हणालो, "काकी, एक गजाल सांगूची होती."

"आधी माझी आयक," ती म्हणाली. "हसा नको हां. ते गेले तेव्हा माझ्या कानात तेंचो आवाज होतो. जरा जड होतो. चुलीकडे बसलंय की मागसून येय, पाणी तापला काय गो. पयल्यांदा हय ऐकलंय तेव्हा माका वाटला, ह्यो तेंचो न्हय. घराक जावन रडलंय मी. मगे म्हटला, माणूस चुकता, मशीन कित्या चुकात? मीच विसारलंय आसतलंय. आता पाणी तापला काय म्हणतत, ता पण ह्याच आवाजात. आदलो काय केल्या येणा नाय. बरा झाला तुमी ठेवलास. नायतर मी जल्मभर चुकीचो आवाज धरून बसलंय असतंय."

चुलतभाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी खरं सांगितलं असतं तर त्या बाईकडे नवऱ्याचा कुठलाच आवाज उरला नसता. जुना आम्ही तिच्या कानातूनही पुसला होता.

"काय तरी सांगी होतंस मरे?" तिने विचारलं.

"काय नाय काकी," मी म्हणालो. "सेल नवीन घातलेत." आणि टेप लावली.