कडू सरांचा साधा श्वास

नवीन पनवेलच्या बागेत रोज सकाळी प्राणायामाचा वर्ग घेणाऱ्या प्रभाकर कडू सरांनी, पंधरवडाभर मुलीकडे नाशिकला जातोय, असं वर्गाला सांगितलं. खरं तर ते पनवेलातल्याच एका इस्पितळात दाखल होणार होते. पित्ताच्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली होती आणि ती कर्करोगाची निघाली. गाठ लहान होती. पोट न फाडता सुईने जाळता येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण सरांना गाठीपेक्षा वर्गाची धास्ती जास्त. आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली, आणि निवृत्तीनंतर 'ज्याचा श्वास ताब्यात, त्याच्या वाटेला आजार जात नाही' हे इतक्यांदा म्हणून झालं होतं, की आता ते गिळता येत नव्हतं.

सीटी स्कॅनच्या खोलीत टेक्निशियन हेतलने त्यांच्या पोटावर खुणेच्या चकत्या चिकटवल्या. डॉ. अपूर्व यांनी पडदा दाखवला. "श्वासाबरोबर यकृत वरखाली सरकतं, सर. ज्या श्वासावर फोटो काढू, त्याच श्वासावर सुई जायला हवी. साधा श्वास सोडायचा आणि थांबायचं. जमेल?"

"डॉक्टर, मी हेच शिकवतो," सर म्हणाले.

फोटो निघाला. पण सुई टेकवायच्या वेळी सरांनी सवयीने छाती भरून श्वास घेतला आणि पोट आत ओढून सगळा सोडला. पडद्यावर गाठ बोटभर वर सरकली.

"इतका नको. साधा."

दुसऱ्या खेपेला ती खालीच राहिली. साधा श्वास कसा घ्यायचा, तेच सरांना आठवेना. लक्ष दिलं की तो शिकवल्यासारखा व्हायचा.

"सर, नुसते पडून राहा," हेतल हळूच म्हणाली. "माझ्या सासूबाई येतात तुमच्या वर्गाला."

सरांचे कान तापले. मग तर श्वास लागलाच. शेवटी डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवून भूलतज्ज्ञांना बोलावलं. सरांना पूर्ण भूल दिली, नवा फोटो काढला. आता श्वास यंत्राने घेतला, यंत्रानेच थांबवला, आणि सुई नेमकी गाठीत गेली.

गाठ पूर्ण जळाली हे ऐकून बायकोने डोळे पुसले. सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना वर्गातले निसीम पेणकर आठवत होते. बँकेतून निवृत्त झालेल्या पेणकरांना मधुमेह होता. डॉक्टरांनी त्यांना यकृताची सोनोग्राफी सांगितली, तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मशीनला काय कळतंय? दोन महिने कपालभाती करा." वर्ग हसला होता.

चालता येऊ लागताच सर पेणकरांकडे गेले. "ती सोनोग्राफी करून घ्या. उद्याच."

"तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"चुकलो. मी नाशिकला नव्हतो." सरांनी सदरा वर करून पट्टी दाखवली आणि सगळं सांगितलं, साधा श्वास जमला नाही, तेही.

पेणकरांनी चष्मा काढून पुसला. "सर, मी ती त्याच आठवड्यात केली. औषध चालू आहे. तुम्हाला सांगायची लाज वाटली. म्हटलं, वर्गासमोर काहीतरी बोलाल."

कबूल केलं की मन हलकं होईल, असं सरांना वाटलं होतं. तसं झालं नाही. आणखी कोण कोण आपल्यापासून दुखणी लपवत असेल, हा विचार डोक्यातून निघेना.

सोमवारी बागेत हेतलच्या सासूबाईंनी विचारलं, "नाशिक कसं होतं, सर?" हेतलने घरी काही सांगितलं नव्हतं. सरांनी सगळ्यांना बसवलं आणि मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. दोघंतिघं उठून निघून गेली. वर्ग सुरू झाला, पण सर पुढे न बसता सगळ्यांमध्ये जाऊन बसले. त्या दिवशी श्वासांचे आकडे पेणकरांनी मोजले.