कढीपत्त्यावरच्या अळ्या
आज फोडणीत कढीपत्ता पडला आणि त्या वासाबरोबर तुमचे आजोबा आठवले. बायपासनंतर ते अंधेरीच्या आपल्या घरी गॅलरीत नुसते बसून असायचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हटलं, की तोंड फिरवायचे. एका सकाळी कुंडीतल्या कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या दिसल्या म्हणून मी औषधाचा फवारा आणला. "अगं थांब, गंमत बघ," म्हणत त्यांनी एकीला काडीने डिवचलं. तिने डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली. "रागावली की अगदी तुझ्यासारखी दिसते गं!" ते कित्येक दिवसांनी हसले आणि मी फवारा ठेवून दिला. अळ्यांनी झाड पार बोडकं केलं, आम्ही बिनकढीपत्त्याची आमटी खाल्ली. पुढे ग्रिलला चिकटलेल्या कोषातून काळं फुलपाखरू निघालं, पंख वाळवून खाली बागेकडे उडालं. "कुठे गेलं, बघून येतो," म्हणत आजोबा चपला घालून एकटेच खाली गेले. त्यानंतर ते रोज चालू लागले. बोडक्या झाडालाही पालवी फुटली. मला त्यांच्या सहवासाची आणखी बरीच वर्षं मिळाली. डॉक्टरांचे आभार मी तेव्हाच मानले होते. अळ्यांचे आज तुमच्याजवळ मानते.