अ‍ॅम्पमधली गुणगुण

शहरातल्या एका दुकानदाराने बिघडलेला अ‍ॅम्प माझ्या गळ्यात मारला होता. तो राग अजून उतरलेला नाही. म्हणून मेहकरला गिटारचा जुना मॉडेलिंग अ‍ॅम्प, म्हणजे एकाच डब्यातून अनेक अ‍ॅम्पचे आवाज काढणारा, घ्यायला गेलो, तेव्हा वाजवून पाहिल्याशिवाय मी भावाचं बोलणारच नव्हतो. विकणारा माणूस पन्नाशीचा. उभा जन्म लग्नांच्या ऑर्केस्ट्रात, स्पीकरच्या भिंतीला टेकून गिटार वाजवलेला.

मी एकेक आवाज बदलून तारा छेडल्या. सगळे स्वच्छ निघाले. दर वेळी तो मान तिरकी करून कानात करंगळी हलवायचा.

"गुणगुण येते ना? वायर बदलली, स्पीकर बदलला, जातच नाही. खोटं सांगून विकत नाही मी. हा विकून दुसरा घेतला की पुन्हा वाजवाले लागतो."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. विकणारा स्वतःच भाव पाडतो म्हणजे नक्की काहीतरी लपवतो, असं वाटून माझं डोकं फिरलं. मी उठून प्लगच उपटला.

"आता?"

"आता बी येऊन राह्यली," अ‍ॅम्पकडे बोट दाखवत तो म्हणाला.

"भाऊ, प्लग माह्या हातात आहे."

तो प्लगकडे पाहत राहिला. मग त्याने दोन्ही कान तळव्यांनी घट्ट दाबले आणि डोळे मिटून ऐकू लागला.