गाव महापालिकेत गेलं तेव्हा

माझं लहानपण ठाण्यात वर्तकनगरच्या एका कॉलनीत गेलं. तिथे रस्ते, दिवे, पाणी हे सगळं कुणीतरी चालवत होतं, पण ते चालवणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. नळाला पाणी आलं नाही की आई बादल्या भरून ठेवायची आणि बाबा म्हणायचे, "महापालिकेला कळवलं पाहिजे." बहुतेक वेळा कळवायचं राहूनच जायचं.

लग्न होऊन मी डोंबिवलीला लागून असलेल्या एका गावात आले. तिथे माझ्या सासूबाईच सरपंच होत्या. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून सासऱ्यांनी त्यांना उभं केलं होतं. खुर्ची बाईंची, कारभार आपला, असाच त्यांचा हिशेब होता आणि गावालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सुरुवातीला सासरे दाखवतील तिथे सासूबाई सही करायच्या आणि घरी येऊन भात टाकायच्या.

मी नवीन असताना एकदा ग्रामसभेला गेले होते. खालच्या आळीतल्या एका बाईने विचारलं, टँकर दरवेळी वरच्या आळीतच का रिकामा होतो? सवयीप्रमाणे सासरे उत्तर द्यायला उठले. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "तुमी बसा. मना इचारलाय." आवाज चढवला नव्हता. सासरे उभ्याउभ्या जरा थांबले आणि बसले. त्यानंतर टँकर खालच्या आळीत जाऊ लागला आणि सासूबाई कागद वाचून घेतल्याशिवाय सही करेनात. अक्षर अडलं की मला हाक मारायच्या.

कामाची गोडी लागली आणि गाव महापालिकेत गेलं. ग्रामपंचायत बरखास्त झाली. मला मनातून बरं वाटलं होतं. घंटागाडी येईल, रस्ता होईल, मुलांना बरं पडेल. जेवताना मी तसं बोलूनही दाखवलं.

सासूबाई म्हणाल्या, "होईल गो सगला. पन नाय झाला तर इचारायचा कोनाला?"

मी म्हटलं, "प्रभाग कार्यालय असतं ना, आई."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात भाजी वाढली.

ग्रामसेवकाने दप्तर नव्या लोकांच्या ताब्यात दिलं. ग्रामपंचायतीवरची पाटी बदलली. पुढच्या पंधरा ऑगस्टला सासूबाई चांगलं लुगडं नेसून सकाळी तिकडे गेल्या. झेंडावंदन आणि मग ग्रामसभा, हा इतक्या वर्षांचा रिवाज. कार्यालयाला कुलूप होतं. झेंडा आता लांब प्रभाग कार्यालयात लागतो, असं बाहेरच्या वॉचमनने त्यांना सांगितलं. घरी आल्या, लुगडं न बदलताच भेंडी चिरायला बसल्या. कॉलनीत वाढलेल्या मला त्यांचं काय गेलं हे तोवर नीट कळलंच नव्हतं. वर्षातून चार वेळा गावातल्या कुणीही उभं राहून, नाव घेऊन जाब विचारावा अशी ग्रामसभा ही जागा होती. मला तशी जागा कधी मिळालीच नव्हती, त्यामुळे ती गेल्याचं दुःखही नव्हतं.

पुढे घंटागाडी आली, रस्ताही झाला. पाणी मात्र कमी झालं. गावाशेजारी फ्लॅटचे टॉवर उभे राहिले होते आणि आमची आळी लाइनीच्या शेवटाला होती. लोक जुन्या सवयीने सासूबाईंकडेच येत. त्या म्हणत, "मी आता कोन नाय." तरी चहा पाजत.

एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तो प्रभाग म्हंजे काय गो? आपल्यात कोन कोन हाय?"

मी सांगितलं. आपलं गाव, पलीकडच्या गावाचा तुकडा आणि ते टॉवर, असा मिळून एक.

"म्हंजे टॉवरवाले आपलेच झाले," त्या म्हणाल्या. आमच्या आळीत टॉवरवाल्यांबद्दल कुणी चांगलं बोलत नसे, म्हणून मला नवल वाटलं.

रविवारी मला घेऊन त्या टॉवरमध्ये गेल्या. सोसायटीचं काम बघणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. आधी त्यांना वाटलं आम्ही भांडायला आलोय. मग त्या सांगू लागल्या, त्यांच्याकडेही टँकरच येतो, वरच्या मजल्यांवर तर थेंब चढत नाही. पाणी आम्ही पळवतो असं त्यांना वाटत होतं आणि ते पळवतात असं आम्हाला.

मग आम्ही एकत्र प्रभाग कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी सासूबाईंना विचारलं, "आपण कोण?" त्या माजी सरपंच म्हणतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "जिथं पानी येत नाय तिथली." साहेबांनी अर्ज द्यायला सांगितलं. अर्ज दिला, पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. शेवटी दोन्हीकडे पाणी सोडायच्या वेळा वेगळ्या केल्या. व्हॉल्व्ह फिरवणारा चावीवाला आळीत येऊन वेळ सांगून गेला. पाणी भरपूर आलं असं नाही, पण हंडे भरू लागले.

नगरसेवकाच्या निवडणुकीला उभं राहा, असं त्यांना बरेच जण म्हणाले, त्यात सासरेही होते. त्या नाही म्हणाल्या. एवढा मोठा प्रभाग पायी फिरून होत नाही, आणि जिथली घरं आपल्याला ठाऊक नाहीत तिथली मतं कशी मागायची, असं त्यांचं म्हणणं. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. मी तसं सांगितलं, तेव्हा त्या हसल्या.

आता त्या आणि टॉवरच्या बाई रिक्षाने दोघीच कार्यालयात जातात, मला नेत नाहीत. मध्यंतरी उतरत्या उन्हात परत आल्या, चपला काढून पायरीवर बसल्या. ओळखीच्या साहेबांची बदली झाली होती. नवीन साहेबाला आमचं गाव कुठे आहे हेच माहीत नव्हतं.

"मग?" मी पाणी देत विचारलं.

"मग काय," त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगितला."