पोटाचा तुकडा

आमचे भाऊजी मनिराम जेवत नसत, गिळत. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर डोंगा घालून त्यांची उभी हयात मासे धरण्यात गेली, पण माशाची चव कशी असते हे विचारलं तर सांगता आलं नसतं. भाताचा ढीग, त्यावर रस्सा, पाच घास, हात धुऊन मोकळे. वर फुशारकी अशी की, "ढिवराच्या घशात काटा अटकत नाही, केवळराम. आपली जीभ त्याले आपोआप बाजूले सारते." मी त्यांचा साळा. मी हसायचो.

मागच्या हिवाळ्यात माझी बहीण ज्योत्सना, जिला मी बाई म्हणतो, लेकीच्या बाळंतपणाला पवनीला गेली. भाऊजींनी काठावरच रोहू शिजवला आणि आम्ही दोघं जेवायला बसलो. चौथ्या घासाला ते थांबले. डोळे मोठे झाले, हात गळ्याशी गेला.

"काय झालं?"

"काही नाही. जेव तू गुमान."

ढिवराला काटा रुतला हे बोलायची त्यांना लाज वाटली. त्यांनी कोरड्या भाताचा गोळा केला आणि न चावता गिळला. मग दुसरा, तिसरा. आमच्याकडे सगळे हेच करतात, मीही मुकाट्यानं बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला, आणि तिसऱ्या दिवशी थुंकीसुद्धा उतरेना. तेव्हा मी घाबरलो. त्यांना मोटरसायकलवर मागे बसवलं आणि भंडारा गाठेपर्यंत मागून येणारा श्वास ऐकत राहिलो. तो जरा थांबला की मी मान वळवून बघे.

डॉक्टरांनी नळी घालून काटा काढला. नखाएवढा होता. "भाताच्या गोळ्यांनीच आत ढकलला," ते म्हणाले. "अजून दोन दिवस गेले असते, तर मला काही करता आलं नसतं."

काटा निघाला, भीती तेवढी आत राहिली. भाऊजी ताट बघून घामाघूम होत. वरणभातही नको, नुसती पातळ पेज. तीन महिन्यांत गालफडं बसली, जाळं ओढताना हात कापू लागले. एकदा डोंग्यातच त्यांना चक्कर आली आणि मी कॉलर धरली म्हणून वाचले. बाई तोवर पवनीहून परतली होती. त्या दिवशी ती रडलीच. "काट्यानं सोडलं त उपासानं मरता का?"

दुसऱ्या दिवशी तिनं रोहू केला. मीही तिथंच होतो. "एक घास घ्या," ती म्हणाली. "बोटानं पाहा, मंग चावा. कोणती गाडी चुकून राहिली तुमची?"

भाऊजींनी घास कुस्करला, चाचपला, तोंडात घातला. कितीतरी वेळ चावला. गिळताना डोळे मिटले आणि माझा हात घट्ट धरला. घास उतरला. मग दुसरा. पाचव्या घासाला ते पुटपुटले, "यात लसूण हाय का?"

"लग्नापासून हाय," बाई म्हणाली.

एरवी ते उठून गेल्यावर ती जेवायची. त्या दिवशी त्यांचं ताट संपेचना, तिला भूक लागली, म्हणून तीही ताट घेऊन समोर बसली. भाऊजी तुकडा बोटांनी चाचपत होते, चाचपत होते आणि मध्येच थांबले.

"ज्योत्सना, यात एकबी काटा काहून नाही?"

त्यांची नजर तिच्या ताटाकडे गेली. त्यात शेपटीचा तुकडा होता, आणि ताटाच्या कडेला केसासारखे बारीक काटे मांडून ठेवलेले.

"तुमाले पोटाचा तुकडा वाढते मी. त्यात बारीक काटे नसते, मोठे काढूनच," ती म्हणाली. "पहिल्यापासून. तुमी पाहता कुठं जेवताना?"

"अन् शेपटी?"

"कोणाले तरी खावीच लागते ना."

भाऊजींचा चेहरा दवाखान्यात होता तसा पांढरा पडला. इतकी वर्षं, दर जेवणाला, हे एवढे काटे हिच्या घशापाशी येत होते, आणि आपण हात धुऊन बाहेर गेलेलो. मलाही तेव्हा घाम फुटला, कारण माझ्या घरी शेपटी कोण खातं ते मी कधी पाहिलं नव्हतं.

बाईनं पुढचा घास उचलला. भाऊजींनी तिचं मनगट धरलं. घास स्वतःच्या बोटांत घेऊन कुस्करला, त्यातून एक काटा काढून कडेला ठेवला, अजून एकदा चाचपला आणि मगच तिच्या तोंडाशी नेला.

"हळू," ते म्हणाले, आणि तो उतरेपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत राहिले.